प्रिन्स्टनला ट्रेनने यायचंय? आधी जंक्शन समजून घ्या

न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला कुणाची ॲडमिशन झाली, कुणाचं पोरगं पोस्टडॉकला आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: न्यूयॉर्कहून थेट ट्रेन आहे का हो? नाही. थेट नाही. पण ट्रेन आहे, चांगली आहे, फक्त मधे एक बदली आहे आणि लोकांचा जो काही घोळ होतो तो जवळपास सगळा त्या एका बदलीपायी होतो, त्यामुळे ती नीट समजली की बाकी काही अवघड नाही.

आधी नकाशा डोक्यात बसवा. न्यूयॉर्क पेन स्टेशनपासून ट्रेंटनपर्यंत एनजे ट्रान्झिटची, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी रेल्वे-बस सेवेची, नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइन जाते. शेवटचं स्टेशन ट्रेंटन, त्याच्या आधी हॅमिल्टन आणि त्याच्या आधी प्रिन्स्टन जंक्शन. न्यूयॉर्कहून इथपर्यंत साधारण सव्वा तास, फास्ट गाडी असेल तर थोडं कमी. आता हे जंक्शन नावाला प्रिन्स्टन, पण आहे वेस्ट विंडसर गावात, युनिव्हर्सिटी तिथून लांब. जंक्शनला उतरायचं आणि तिथे उभी असलेली दोन डब्यांची छोटी गाडी पकडायची, तिला सगळे डिंकीच म्हणतात. २.७ मैल, म्हणजे चार-सव्वाचार किलोमीटर, पाच मिनिटांत कॅम्पसच्या पायथ्याशी. मधे एकही स्टेशन नाही. नेरळला उतरून माथेरानची गाडी पकडतो ना, तसंच, फक्त इथे घाट नाही आणि माकडंही नाहीत.

एवढी मोठी युनिव्हर्सिटी आणि मेन लाइनवर स्टेशन का नाही, हे सगळेच विचारतात म्हणून थोडक्यात. जुनी रेल्वे कालव्याच्या कडेने गावाच्या बऱ्यापैकी जवळून जायची, १८६० च्या दशकात लाइन सरळ करायची म्हणून नवीन रूळ लांबून टाकले आणि प्रिन्स्टन बाजूला पडलं. मग २९ मे १८६५ ला ही फाट्याची लाइन सुरू झाली, तेव्हा वाफेवर, १९३६ पासून विजेवर. गंमत म्हणजे गावातलं स्टेशनसुद्धा हळूहळू मागे मागे सरकत आलंय. १९१८ पर्यंत गाडी पार कॅम्पसमधल्या ब्लेअर हॉल या इमारतीच्या पायऱ्यांखाली यायची, मग स्टेशन दक्षिणेला हलवलं, आणि २०१३ मध्ये युनिव्हर्सिटीने तिथे कला विभागाच्या नवीन इमारती बांधायच्या म्हणून ते बंद करून अजून ४६० फूट मागे नेलं. नवं स्टेशन नोव्हेंबर २०१४ ला उघडलं. गावातल्या लोकांनी यावर जाम भांडण केलं, कोर्टापर्यंत गेले. १४० मीटरसाठी कशाला एवढं, असं वाटेल, पण भर पावसात मोठी बॅग ओढत नॅसॉ स्ट्रीटकडे, म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्याकडे, चढून बघा, पटेल त्यांचं म्हणणं.

बरं, आता तिकीट. इथे पहिली गोष्ट म्हणजे मशिनवर किंवा ॲपमध्ये प्रिन्स्टन आणि प्रिन्स्टन जंक्शन अशी दोन वेगळी नावं दिसतात. डिंकीने गावात जायचं असेल तर प्रिन्स्टन निवडा, त्यात डिंकीचंही तिकीट आलं. जंक्शनलाच कुणी गाडी घेऊन न्यायला येणार असेल तर जंक्शनचं काढा, थोडे पैसे वाचतील. जंक्शनचं तिकीट काढून डिंकीत बसलात तर वरचे पैसे मागतात, आणि पाच मिनिटांच्या प्रवासात तिकीट बघायला कोण येणार असं समजू नका, येतात.

एनजे ट्रान्झिटचं ॲप आधीच घरी वायफायवर टाकून, कार्ड भरून ठेवा. ॲपमधलं तिकीट नुसतं विकत घेऊन चालत नाही, गाडीत चढायच्या आधी ॲक्टिव्हेट करावं लागतं, मगच ते स्क्रीनवर चालू तिकीट म्हणून दिसतं. पण लवकरही करू नका, कारण एकदा केलं की घड्याळ सुरू. गाडी बोर्डावर लागली, ट्रॅक नंबर आला की करायचं. फोनची बॅटरी दहा टक्क्यांवर असेल तर सरळ मशिनवरून कागदी तिकीट घ्या, कारण फोन बंद पडला तर तुमच्याकडे तिकीट नाहीच असं धरतात. गाडीत कंडक्टरकडे पण तिकीट मिळतं, पण ज्या स्टेशनवर मशिन किंवा खिडकी चालू आहे तिथून तसेच चढलात तर पाच डॉलर जास्तीचे लागतात. आणि जुलै २०२४ पासून साधं तिकीटसुद्धा तीस दिवसांत वापरावं लागतं, त्यामुळे पुढच्या सेमिस्टरला लागेल म्हणून आत्ताच चार तिकिटं घेऊन ठेवू वगैरे करू नका.

आई-बाबांचं वय ६२ किंवा जास्त असेल तर सीनियरचं तिकीट जवळपास निम्म्या दरात मिळतं. वय दिसेल असं ओळखपत्र मागू शकतात, तेव्हा पासपोर्ट घरी कपाटात न ठेवता पर्समध्ये असू दे. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचंही निम्म्या दरात. फुल टाइम स्टुडंट असाल आणि तुमचं कॉलेज त्यांच्या स्कीममध्ये असेल तर मंथली पासवर २५ टक्के सूट आहे, पण मंथली पास रोज जा-ये करणाऱ्यालाच परवडतो. महिन्यातून दोनदा न्यूयॉर्कला जेवायला जाणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

आता एअरपोर्ट, कारण देशातून येणाऱ्यांचा खरा कस तिथे लागतो. वीस तासांचा प्रवास, डोळे चुरचुरतायत, प्रत्येकी २३ किलोच्या दोन-दोन बॅगा, आणि समोर इंग्रजीत भराभर अनाउन्समेंट. न्यूअर्कला उतरलात तर उत्तम. टर्मिनलवरून एअरट्रेन घ्यायची आणि रेल्वे स्टेशनच्या स्टॉपला उतरायचं. एअरट्रेनच्या रूटवर काम चालू असेल तर शटल बस लावतात, बोर्ड बघत चला. तिथे गेटच्या आधी मशिन्स आहेत, प्रिन्स्टनचं तिकीट काढा, एअरट्रेनचे पैसे त्यातच येतात, तेच तिकीट गेटवर स्कॅन करायचं आणि आत जायचं. परत जातानाही तसंच, तिकीट गेटवर दाखवावं लागतं म्हणून गाडीतून उतरल्यावर लगेच फेकून देऊ नका.

फलाटावर उभं राहिल्यावर मात्र दोन मिनिटं डोकं जागेवर ठेवा. या एकाच फलाटावर दोन वेगवेगळ्या लाइनच्या गाड्या येतात, आपली नॉर्थईस्ट कॉरिडॉर आणि दुसरी नॉर्थ जर्सी कोस्ट लाइन. गाड्या दिसायला सारख्या, रंग सारखा, कंपनी तीच. बोर्डावर ट्रेंटन लिहिलंय का बघा. लाँग ब्रांच किंवा बे हेड लिहिलं असेल तर ती समुद्राकडे चालली, तिच्यात बसू नका. चुकून बसलातच तर घाबरायचं काही कारण नाही, दोन्ही लाइन रॉवेपर्यंत एकाच रुळांवर आहेत, तोवर कुठेही उतरून मागची ट्रेंटन घ्या. रॉवे गेल्यावर लक्षात आलं तर मात्र उलटं यावं लागेल. काही गाड्या न्यू ब्रन्सविकच्या पुढच्या जर्सी ॲव्हेन्यूलाच संपतात, त्याही आपल्या कामाच्या नाहीत. आणि लांब पल्ल्याच्या ॲमट्रॅक कंपनीच्या चकचकीत गाड्याही इथे थांबतात, त्यांचं तिकीट पूर्ण वेगळं, आपलं तिकीट तिथे चालत नाही. थोडक्यात, ट्रेंटन हा शब्द दिसल्याशिवाय बॅग उचलायची नाही.

जेएफकेला उतरणार असाल तर काम वाढतं. एअरट्रेनने जमैका, तिथून लाँग आयलंड रेलरोडने न्यूयॉर्क पेन स्टेशन, तिथून एनजे ट्रान्झिट, मग जंक्शन, मग डिंकी. होतं, लोक करतात, पण चार बॅगा आणि सत्तरीचे बाबा असतील तर सरळ कुणाला तरी गाडी घेऊन बोलवा, किंवा तिकीट काढतानाच न्यूअर्कचं बघा.

न्यूयॉर्क पेन स्टेशनचं एक वेगळंच आहे. तिथे गाडी कुठल्या ट्रॅकवर लागणार हे आधी सांगतच नाहीत. सगळे लोक मोठ्या बोर्डाखाली माना वर करून उभे असतात, गाडी सुटायच्या साधारण दहा मिनिटं आधी नंबर झळकतो आणि मग जो लोंढा निघतो तो बघून दादरवाल्यालाही घरच्यासारखं वाटेल. सामान असेल तर ट्रॅक लागायच्या आधी लिफ्ट कुठे आहे ते बघून ठेवा. संध्याकाळी पाच-सहाच्या गाडीत जंक्शनपर्यंत बसायला मिळेलच असं नाही. आणि न्यूयॉर्ककडे जाताना एक जुनीच फसगत, न्यूअर्क पेन स्टेशन हे वेगळं आणि न्यूयॉर्क पेन स्टेशन हे वेगळं. स्पीकरवर दोन्ही सारखंच ऐकू येतं, दोन्हीकडे भरपूर लोक उतरतात, त्यामुळे पाहुणे हमखास न्यूअर्कला उतरून मोकळे होतात. त्यांना सांगून ठेवा की न्यूअर्कनंतर सिकॉकस येतं, मग लांबलचक बोगदा लागतो आणि बोगदा संपला की न्यूयॉर्क. बोगदा आला नाही म्हणजे उतरायचं नाही.

तिकीट चेकिंगची पद्धत पण सांगते, नवीन माणसाला काही कळत नाही. कंडक्टर येतो, तिकीट बघतो आणि तुमच्या सीटच्या पाठीला वरच्या बाजूला जी क्लिप असते तिथे एक छोटीशी भोकं पाडलेली कागदाची चिठ्ठी खोचून जातो. ती चिठ्ठी म्हणजे या सीटवरचा माणूस कुठे उतरणार आहे याची त्याची खूण. मधे जागा बदललीत, खिडकी मिळाली म्हणून पुढे गेलात, तर चिठ्ठी बरोबर न्या, नाहीतर तो परत विचारणार. आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी ती कचरा समजून पर्समध्ये टाकली होती, स्वच्छतेची सवय.

मग जंक्शन. प्रिन्स्टन जंक्शन नेक्स्ट अशी अनाउन्समेंट झाली की उठून दाराशी या, बॅगा आधीच खाली काढून ठेवा. न्यूयॉर्ककडून आलात तर सोप्पं आहे, तुमची गाडी ज्या बाजूला लागते त्याच बाजूला डिंकीचा फलाट आहे, बोर्ड बघत चालत राहा, सगळे तरुण पोरं-पोरी पाठीवर सॅक घेऊन ज्या दिशेला जातात तिकडेच. रेंगाळू नका, फोटो नंतर काढा. डिंकीचं टाइमटेबल मेन लाइनच्या गाड्यांना जुळवलेलं असतं, मेन लाइनची गाडी थोडी लेट असेल तर कधीकधी थांबते पण, मात्र तो त्यांचा चांगुलपणा, भरवसा धरू नका. सुटली तर पुढच्या डिंकीला बराच वेळ असू शकतो आणि थंडीत त्या उघड्या फलाटावरचा वारा कानटोपी भेदून जातो.

उलट दिशेने, म्हणजे प्रिन्स्टनहून न्यूयॉर्कला जाताना, जंक्शनला खाली भुयारी रस्त्याने पलीकडच्या फलाटावर जावं लागतं. इथेच लोक चुकतात. डिंकीतून उतरतात, समोरच मेन लाइनचा फलाट दिसतो, तिथेच उभे राहतात आणि पहिली आली त्या गाडीत चढून ट्रेंटनला पोचतात. डिंकीच्या बाजूचा फलाट ट्रेंटनकडे, पलीकडचा न्यूयॉर्ककडे, एवढं एकच वाक्य पाठ करा. फिलाडेल्फियाला जायचं असेल तर मात्र मुद्दाम ट्रेंटनचीच घ्यायची, तिथे सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाकडच्या रेल्वे सेवेची, लोकल मिळते.

प्रिन्स्टन स्टेशनवर उतरल्यावर बघण्यासारखं बरंच आहे. स्टेशनची इमारत रिक जॉय नावाच्या आर्किटेक्टने केलेली, काळपट, साधी, काहींना आवडते काहींना नाही, मला आवडते. तिला लागूनच वावा नावाचं दुकान आहे, कॉफी, सँडविच, दूध, रात्री उशिरा भूक लागली तर सगळं तिथेच. या वावावर प्रिन्स्टनच्या पोरांचं एवढं प्रेम की स्टेशन हलवताना ते जाणार का यावरच जास्त काळजी होती. १९१८ चं जुनं दगडी स्टेशन पाडलं नाही, तिथे आता बार आणि रेस्टॉरंट आहे. समोर मॅकार्टर थिएटर, १९३० पासूनचं, आणि बाजूला लुईस आर्ट्स कॉम्प्लेक्स, ज्याच्यासाठी एवढं सगळं रामायण झालं.

तिथून नॅसॉ हॉल ही युनिव्हर्सिटीची सगळ्यात जुनी इमारत आणि नॅसॉ स्ट्रीट कॅम्पसमधून चालत दहा-पंधरा मिनिटं, पण चढ आहे हां, गुडघे दुखणाऱ्यांसाठी युनिव्हर्सिटीची टायगर ट्रान्झिट बस आहे, फुकट आहे आणि बाहेरच्यांनाही चालते. जाताना ब्लेअर हॉलच्या कमानीतून जा, म्हणजे पूर्वी गाडी कुठपर्यंत यायची ते लक्षात येईल. नॅसॉ हॉल १७५६ चा, १७८३ मध्ये काही महिने अमेरिकेची काँग्रेस तिथेच भरत होती. आणि हो, आईनस्टाईनचं घर. ११२ मर्सर स्ट्रीट, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, १९३५ पासून १९५५ ला वारले तोपर्यंत ते तिथे राहिले. ते म्युझियम नाही, पाटी नाही, खाजगी घर आहे, फुटपाथवरून फोटो काढा आणि पुढे चला, बाबांनी कितीही आग्रह केला तरी बेल वाजवायची नाही. ते युनिव्हर्सिटीत नव्हते, इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत होते, ती वेगळी संस्था. हे आधीच माहीत असलेलं बरं, फक्त १९३९ पर्यंत त्या संस्थेची ऑफिसं कॅम्पसमध्येच होती.

मे अखेरीला, पदवीदानाच्या आदल्या आठवड्याच्या शेवटी, रियुनियन असतं, नारिंगी-काळे कोट घातलेले म्हातारे-तरुण माजी विद्यार्थी गावभर, तेव्हा डिंकी तुडुंब. बघायला मजा, पण सामान घेऊन यायचं असेल तर ते दिवस टाळा.

रोज न्यूयॉर्कला जाणारी आपली भरपूर मंडळी प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर भागात राहतात, त्यांचा डिंकीशी संबंध नाही, त्यांचा प्रश्न एकच, जंक्शनचं पार्किंग. नवीन घर घेताना शाळेच्या रेटिंगबरोबर हेही विचारा. परमिट मिळायला वेटिंग लिस्ट असू शकते, म्हणून घर ठरल्या ठरल्या नाव लावून टाका, नंतर बघू म्हणाल तर नंतर म्हणजे फार नंतर. तोपर्यंत रोजच्या पैशांवर लावायच्या जागा वेगळ्या असतात, कुठला लॉट परमिटचा आणि कुठला रोजचा ते बोर्ड नीट वाचा, दंडाची पावती काचेवर लागायला वेळ लागत नाही. वॉलेस रोडची बाजू आणि व्हॉन ड्राइव्हची बाजू असे दोन्हीकडे लॉट आहेत, कुणी न्यायला येणार असेल तर कुठल्या बाजूला ते फोनवर पक्कं करा, नाहीतर तो इकडे तुम्ही तिकडे आणि मधे चार रूळ.

गर्दीच्या वेळच्या गाड्यांत पहिला आणि शेवटचा डबा शांततेचा असतो. तिथे फोनवर बोलायचं नाही, म्हणजे नाहीच. आपल्याकडे सकाळ म्हणजे देशात संध्याकाळ, आईशी बोलायची हीच वेळ, आणि आपण आईशी बोलतो तेव्हा आवाज आपोआप पुण्यापर्यंत पोचेल एवढा लागतो. मधल्या डब्यात बसा आणि खुशाल बोला.

किराण्याचंही याच लाइनवर जमतं. मेट्रोपार्कला उतरलात की ओक ट्री रोड जवळ, इसेलिन आणि एडिसनमध्ये पसरलेला, पटेल ब्रदर्सपासून भाकरवडीपर्यंत सगळं. स्टेशनपासून चालायला लांब आहे, विशेषतः परत येताना तांदळाची पिशवी असते म्हणून, तेव्हा दोघं-तिघं मिळून उबर करा. सगळ्या फास्ट गाड्या मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबत नाहीत, मेट्रोपार्कचा थांबा आहे का ते बघूनच चढा.

शेवटी रात्रीचं. न्यूयॉर्कहून नाटक बघून उशिरा निघताना मेन लाइनची गाडी मिळते, पण तिला जोडून डिंकी आहे का हे वेगळं बघावं लागतं. त्यासाठी ॲपमध्ये न्यूयॉर्क ते जंक्शन असं न शोधता न्यूयॉर्क ते प्रिन्स्टन असं शोधा, म्हणजे दोन्ही जोडून दाखवतं आणि शेवटची कुठली ते कळतं. शनिवार-रविवारचं टाइमटेबल वेगळं. कधी दुरुस्तीमुळे किंवा दुसऱ्या कारणाने डिंकी बंद असते आणि तिच्या जागी बस धावते, २०१८ च्या ऑक्टोबरपासून २०१९ च्या मेपर्यंत तर सात महिने बसच होती, त्यामुळे निघायच्या आधी ॲपमधले अलर्ट वाचा. डिंकी चुकलीच तर उबर मागवा, चालत जाऊ वगैरे म्हणू नका, मधे रूट वन हा मोठा हायवे आहे आणि रात्री तो ओलांडणं हा काही फिरायला जायचा रस्ता नाही. उबरला मध्यरात्रीनंतर वेळ लागतो, म्हणून ती जंक्शनला उतरल्यावर नाही, गाडी न्यू ब्रन्सविक सोडेल तेव्हाच ॲप उघडून बघायला लागा.